फादर, आई-बाबांनाही वर्गात घ्या

आपल्या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू, धर्मग्राम परिषदेचे सभासद आणि दर रविवारी माझ्यासारखाच खडू हातात घेणारे सगळे टीचर यांना,

जय ख्रिस्त!

हे पत्र मी आधी फक्त फादरांच्या टेबलावर ठेवणार होते. मग वाटलं, मुलांच्या धर्मशिक्षणात आईबाबांनाही सामील करून घेण्याचा हा विषय सगळ्या घरांचा आहे, तर सगळ्यांनीच वाचलेलं बरं. परिषदेच्या बैठकीत हा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा पार्किंगच्या विषयानं त्याला गिळून टाकलं. पुण्यात पार्किंगपुढे कोणाचं काही चालत नाही, हे मलाही कळतं. म्हणून आता लिहूनच देते.

मी गेली ११ वर्षं आपल्याकडे धर्मशिक्षणाचा तास घेते. आधी पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांचा, वर्ग होता, आता पाचवी आहे. आठवडाभर मी एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते आणि रविवारी साडेआठच्या मिस्साच्या उपासनेनंतर हॉलमागच्या खोलीत असते. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे आहे ते ११ वर्षांत पाहिलेलं.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. माझ्या वर्गातल्या एका मुलीला सात संस्कारांच्या पेपरात दहापैकी दहा मिळाले. अक्षर मोत्यासारखं. पाचव्या ओळीत 'अनॉइंटिंग ऑफ द सिक' (आजारी माणसाला पवित्र तेल लावणं) असं व्यवस्थित लिहून पुढे तो संस्कार कोण देतं, कोणाला देतं, हेही तिनं लिहिलं होतं. तीन आठवड्यांनी तिचे आजोबा अत्यवस्थ झाले. फादर घरी गेले, प्रार्थना केली, आजोबांच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. पुढच्या रविवारी ती मला हळूच विचारते, "टीचर, फादरनी आजोबांना कसलं तेल लावलं? डॉक्टरांनी सांगितलं होतं का?"

ज्या खोलीत ते तेल लावलं गेलं तिथे तिची आई होती, बाबा होते, आजी होती, नाशिकहून आलेली आत्या होती. एकानंही तिच्या कानाशी वाकून सांगितलं नाही की बाळा, हे तुझ्या पुस्तकातलंच आहे, नीट बघ. नंतर तिच्या आईशी बोलले तेव्हा ती म्हणाली, "आम्हाला वाटलं तिला सगळं येतं. दहापैकी दहा होते ना."

त्या आईचा मला राग आला नाही. राग आला तो स्वतःचा. तिच्या मुलीला मी पाच महिने शिकवत होते आणि त्या पाच महिन्यांत तिच्याशी माझं एकच बोलणं झालं होतं: मुलीची वही हरवली आहे.

आपला तास ४५ मिनिटांचा. गणपती, दिवाळी, नाताळची सुट्टी, शाळेच्या परीक्षा आणि स्कॉलरशिपचे जादा क्लास वगळले तर वर्षाकाठी ३० रविवार हाताला लागतात. म्हणजे साडेबावीस तास. वर्षातला एक दिवससुद्धा पुरा होत नाही. एवढ्या वेळात आपण मुलाला देव, ख्रिस्तसभा (चर्च), दहा आज्ञा, मिस्सा, पापनिवेदन आणि संतांची चरित्रं असं सगळं द्यायचं ठरवलंय. मूल उरलेले दिवस कुठे असतं? घरी. आणि घराला आपण काय देतो? फी भरायची चिठ्ठी आणि वार्षिक कार्यक्रमाला पांढरा फ्रॉक आणा अशी सूचना.

रविवारी सव्वानऊला गेटपाशी उभं राहून बघा. बाबा बाइक बंदही करत नाहीत. मूल उतरतं, हेल्मेट बाबांच्या हातात देतं, आत पळतं. काही आया आवारातल्या झाडाखाली बसतात आणि मोबाइल बघत ४५ मिनिटं काढतात. त्यांना आपण कधी आत बोलावलंच नाही. शाळेच्या गेटवर पालकांना थांबवतात तसंच आपण थांबवलं, आणि मग म्हणतो, पालकांना आस्था नाही.

रविवारचा हा तास काही सिनाय पर्वतावरून दहा आज्ञांसारखा आलेला नाही. पोप दहावे पायस यांनी १९०५ साली पत्र काढून प्रत्येक धर्मग्रामात रविवारी आणि सणांना मुलामुलींना तासभर धर्मशिक्षण द्यावं असा आदेश दिला. त्याच पत्रात त्यांनी प्रौढांसाठीही वेगळी वेळ काढायला सांगितली होती. मुलांचा तास आपण धरून ठेवला, मोठ्यांचा तेवढा विसरलो. पुढे जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटलं आणि आईवडील हेच मुलांचे पहिले शुभवार्ताप्रसारक आहेत असं सांगितलं. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत, म्हणजे कायद्याच्या पुस्तकात, कलम ७७६ आहे. घराघरांतल्या धर्मशिक्षणात आईवडिलांचा वाटा वाढवायचा, त्यांना बळ द्यायचं, हे त्यात प्रमुख धर्मगुरूंचं काम म्हणून लिहिलंय. फादर, कलम दाखवून तुम्हाला अडचणीत आणायचा हेतू नाही. पण मी काही जगावेगळं मागत नाही, एवढं परिषदेच्या लक्षात यावं.

मराठी माणसाला तर हे ४०० वर्षांपूर्वीच कळलं होतं. गोव्यात आलेले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्याच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. गोव्यातल्या साष्टीच्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिलं जातंय, आणि एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रींना विचारतो की हे शिकवणं ठीक आहे, पण आमची जुनी पुराणं सुटली, त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काय? त्या एका प्रश्नावर पाद्रींनी हजारो ओव्या लिहिल्या. मुलांच्या वर्गाशेजारी उभ्या असलेल्या मोठ्या माणसानं काहीतरी मागितलं आणि ते कोणीतरी ऐकलं. आपल्या झाडाखाली बसलेल्या आयांना कोणी विचारलंय का, तुम्हाला काय हवंय म्हणून?

परिषदेतले एक ज्येष्ठ सभासद मला म्हणाले होते, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आजच्या आईबापांना काही येतच नाही." मला हे पटत नाही. आडात पाणी आहे. दोर तुटलाय.

तो दोर भाषेचा आहे. आपल्यातली निम्मी कुटुंबं नगरकडची. राहुरी, राहाता, संगमनेर, श्रीरामपूर. कोणी १९७२ च्या दुष्काळात आलं, कोणी पिंपरीच्या कंपन्यांत कामाला म्हणून आलं. बाकीची वसईची, गोव्याची, मंगळूरची, काही तमिळ. मुलं सगळी इंग्रजी शाळेत. म्हणून आपण धर्मशिक्षणही इंग्रजीत ठेवलं. सोय म्हणून ते ठीकच होतं. पण त्यामुळे घरी काय झालं ते बघा. आजी 'नमो मारिया' म्हणते, नात तीच प्रार्थना 'हेल मेरी' म्हणून म्हणते, आणि मधली आई दोन्ही अर्धंअर्धं म्हणते, म्हणून लाजून गप्प बसते. संध्याकाळची प्रार्थना श्रद्धा आटल्यामुळे बंद पडत नाही. कोणत्या भाषेत सुरू करायची हेच ठरत नाही, म्हणून ती राहते. मंगळूरच्या घरात आजी कोंकणीत म्हणते, एवढाच काय तो फरक.

माझी आजी राहुरीकडची. तिला सही करता येत नव्हती. त्या काळी फादर महिन्यातून एखाद्या वेळी वस्तीवर यायचे, मधले दिवस मास्तर सांभाळायचे, आणि मास्तरही नसले तर आजी. कंदील लावला की रोझरी, म्हणजे मारियेची जपमाळ. कोणत्या दिवशी कोणती रहस्यं (येशू-मारियेच्या आयुष्यातले प्रसंग) हे तिला तोंडपाठ. भाकरी थापताना ती उधळ्या पुत्राची गोष्ट अशी सांगायची की तो पुत्र शेजारच्या वस्तीवरचाच वाटायचा. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला पायी जाताना आम्हाला वाटेत सगळं धर्मशिक्षण मिळालं, फोड आलेल्या पायांसकट. आजही सप्टेंबरात हरेगावला जी गर्दी उसळते, तिच्यातली कितीतरी माणसं पुण्याहून बस करून गेलेली असतात. तीच माणसं आपल्या गेटवर बाइक बंद न करणारी. म्हणजे आस्था नाही असं कसं म्हणायचं?

पुण्यातलं पहिलं चर्च, क्वार्टर गेटचं, १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जमिनीवर उभं राहिलं. पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी. त्याआधी त्या शिपायांचा धर्म कुठे होता? छावणीत आणि घरी.

आता मुद्द्यावर येते, कारण नुसती गाऱ्हाणी घेऊन बैठकीत गेलं की उत्तर ठरलेलं असतं: विचार करू.

सगळे वर्ग बंद करा असं मी म्हणत नाही. येत्या जूनपासून फक्त पहिल्या कम्युनियनच्या वर्गातली बारा-पंधरा कुटुंबं घ्या. महिन्यातून एका रविवारी, मिस्सा संपल्यावर, दीड तास. मूल एकटं येणार नाही. बरोबर घरातलं एक मोठं माणूस: आई, बाबा, आजी, मामा, कोणीही. सुरुवातीला सगळे एकत्र, एक गोष्ट किंवा त्या महिन्याचा सण. मग मुलं एका खोलीत, मोठी माणसं दुसऱ्या. मोठ्यांच्या खोलीत व्याख्यान नको, फादर, हात जोडून सांगते. त्यांना बोलू द्या. तुमचं पहिलं कम्युनियन कसं झालं होतं? घरी प्रार्थना कधी बंद पडली? पापनिवेदनाला शेवटचं कधी गेलात, आणि का थांबलात? या प्रश्नांवर माणसं बोलायला लागली की तासभर पुरत नाही. मी दोनदा चहाच्या निमित्तानं हे करून पाहिलंय, तुम्हाला न विचारता. त्याबद्दल क्षमा असावी. शेवटी पुन्हा सगळे एकत्र, आणि घरी नेण्यासाठी एक कागद. त्यावर चार आठवड्यांसाठी एकच काम. दहा नकोत. दहा दिली की एकही होत नाही, हे मी माझ्याच वर्गात शिकले.

उरलेल्या रविवारी मुलांचा नेहमीचा तास चालू राहील, पण तो त्या कागदाशी जोडलेला.

कामं कसली? ऑक्टोबरात रोझरीचं फक्त एक दशक (दहा मण्यांचं), घरच्या भाषेत, आजीनं सुरू करायचं आणि नातवंडानं इंग्रजीत उत्तर दिलं तरी चालेल. नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणदिनी कबरस्थानात जायचंच असतं. तिथे मेणबत्ती लावताना ज्याची कबर आहे त्याची एक गोष्ट मुलाला सांगायची. पुनरुत्थानावरचा धडा मी खोलीत कितीही चांगला घेतला तरी पणजोबांच्या कबरीवरची धूळ पुसणाऱ्या मुलाला जे समजतं ते माझ्याकडून समजणार नाही. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, गव्हाणी घरीच करायची, विकतचा रेडिमेड गोठा नको, आणि रोज संध्याकाळी एक पात्र आत ठेवायचं. नेवऱ्या किंवा करंज्या वळताना लूकच्या शुभवर्तमानातला एक तुकडा वाचायचा. पीठ लागलेल्या हातांनी पान उलटलं तर पुस्तक खराब होईल, होऊ द्या. पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, बाबांनी मुलांचे पाय धुवायचे. हे शेवटचं मी आमच्या घरी केलंय. माझा मुलगा आधी हसला, मग एकदम गप्प झाला.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात हेच तर सांगितलंय: घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना मुलांशी या वचनांबद्दल बोला. त्यात हॉलमागची खोली कुठे नाही. 'निर्गम' या पुस्तकात तर मूल आपणहून विचारतं, या विधीचा अर्थ काय, आणि उत्तर घरातल्यांनी द्यायचं असतं. माझ्या वर्गातल्या मुलीनं अगदी तोच प्रश्न विचारला होता. फक्त चुकीच्या माणसाला, चार दिवस उशिरा.

अशा पद्धतीचं काम चिली देशात १९७० च्या दशकापासून चालू आहे. तिथे पहिल्या कम्युनियनच्या तयारीत आधी आईवडिलांचे गट भरवतात, आणि मुलांना शिकवतात ते आईवडील. आपल्याला तेवढं एकदम जमणार नाही. चाकणच्या कंपनीत तीन शिफ्ट करणाऱ्या माणसाला दर आठवड्याला बोलावणं अन्याय होईल. म्हणून महिन्यातून एकदा. आणि ज्याची त्या रविवारी फर्स्ट शिफ्ट असेल त्याला तोच कागद आदल्या शनिवारी संध्याकाळी द्यायचा, दहा मिनिटं बसवून. ही जबाबदारी मी घेते.

दोन घरांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बैठकीत त्यांचं नाव निघालं की सगळे घड्याळाकडे बघतात.

एक घर आंतरधर्मीय. आई हिंदू, बाबा कॅथलिक. बाबा कामानिमित्त बाहेरगावी असतात. दर रविवारी मुलाला वेळेवर, इस्त्रीच्या शर्टात आणते ती आईच. दोन वर्षं ती गेटबाहेर उभी राहते, कारण आत आलेलं चालेल की नाही हे तिला माहीत नाही आणि आपण कोणी सांगितलं नाही. तिला आत बोलावणं म्हणजे तिच्या धर्माला हात लावणं नव्हे. हे आधी आपल्या मनात आणि मग तिच्यासमोर स्पष्ट हवं. तिला फक्त एवढं कळायला हवं की आपलं मूल काय शिकतंय, आणि त्याला घरी प्रश्न पडला तर ती घाबरून जाऊ नये. बायबलमधल्या तीमथ्याचे वडील ग्रीक होते, आई यहुदी. संत पौल त्याला पत्र लिहितो तेव्हा आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण काढतो. मिश्र घरातला मुलगा पुढे एफेसची मंडळी सांभाळायला निघाला. आपण अशा घराला 'प्रॉब्लेम केस' म्हणतो.

दुसरं घर एकट्या आईचं. 'आई-बाबांनी एकत्र यावं' असं निमंत्रणात लिहिलंत तर ती येणारच नाही. म्हणून मी मघाशी 'घरातलं एक मोठं माणूस' असं लिहिलं. शब्द बदलायला काही पैसे पडत नाहीत.

बाबालोकांसाठीही एक ओळ. मागच्या बाकांवरून, किंवा दाराबाहेरच्या पायरीवरून, मिस्सा ऐकणारे आपले पुरुष म्हणतात, आम्हाला बोलता येत नाही, ते बायकोचं काम. येशूला वाढवणाऱ्या संत योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही. पण दर वर्षी वल्हांडण सणाला यरुशलेमला घेऊन जाणाऱ्यांत तो होता, आणि मुलगा हरवला तेव्हा तीन दिवस शोधणाऱ्यांतही. बोलता आलं नाही तर बोलू नका, या.

आता एक गोष्ट जी लिहायला मला अवघड जातेय. या कार्यक्रमाला हजेरीचं कार्ड नको. आलात नाही तर कम्युनियन मिळणार नाही, ही धमकी तर नकोच नको. मी स्वतः ११ वर्षं मिस्साच्या कार्डांवर सह्या केल्यात. एकदा एका मुलाच्या तीन सह्या कमी भरल्या म्हणून त्याच्या आईला सगळ्यांसमोर ऐकवलंय. ती तेव्हा नाइट ड्यूटी करत होती, हे मला नंतर कळलं. तो मुलगा आता कॉलेजात आहे आणि चर्चमध्ये दिसत नाही. दोन्हींचा संबंध असेलच असं नाही. पण मला तो जोडल्याशिवाय राहवत नाही.

टीचरमंडळींना वाटतंय की पालक आले म्हणजे आपली गरज संपली. उलट आहे. मोठ्या माणसांच्या खोलीत बसायला जास्त तयारी लागते. आठवीतल्या मुलाला 'हे पुढच्या वर्षी शिकाल' म्हणता येतं, त्याच्या बापाला नाही म्हणता येत. त्यासाठी उन्हाळ्यात आपल्याला चार-पाच बैठका लागतील. नगर रोडवरच्या सेमिनरीतले शिकाऊ ब्रदर मदतीला येतात, त्यांना मुलांच्या खोलीत बसवता येईल. कागद मराठी आणि इंग्रजीत मी आणि आणखी एक टीचर मिळून तयार करू, कोंकणी आणि तमिळसाठी घरातली माणसं सापडतील. खर्च म्हणजे झेरॉक्स आणि पोहे. पोह्यांचं महिला मंडळाशी बोलणं झालंय. त्यांनी फक्त एक अट घातली आहे, हॉल नंतर पुरुषांनी झाडायचा.

पहिल्या वर्षी पंधरातली सहा घरं टिकली तरी मी खूश असेन. तेवढीच टिकतील असं माझं मन सांगतं. त्या सहांना पुढच्या वर्षी आपण नव्या घरांपाशी बसवू, आणि तेव्हा टीचरपेक्षा त्यांचं ऐकलं जाईल.

परिषदेकडे माझी मागणी एवढीच: जूनच्या पहिल्या रविवारच्या आधी होय किंवा नाही कळवा, आणि होय असेल तर मागच्या खोलीऐवजी मोठा हॉल द्या. त्या दिवशी पार्किंगचं मी बघते.

ज्या मुलीबद्दल सुरुवातीला लिहिलं तिच्या आजीला मी मागच्या आठवड्यात भेटले. पहिल्या रविवारी येऊन आजोबांच्या तेलाची गोष्ट मुलांना सांगाल का, असं विचारलं. म्हणाली, येईन की. पण मराठीतच सांगेन, आणि मला खुर्ची लागेल, खाली बसवत नाही.

आपली,
पाचवीच्या वर्गाची टीचर
पुणे